सहायक भूमिकेतला धर्मगुरू

चित्रपटाच्या पडद्यावर धर्मगुरू दिसला की आम्ही थोडे सावरून बसतो. आपल्या हिंदी चित्रपटांनी ‘पाद्री’ नावाचे एक ठरावीक पात्र घडवून ठेवले आहे. पांढरा झगा, गळ्यात भला मोठा क्रूस, मोडकेतोडके हिंदी, ओठांवर ‘माय सन’ आणि मागे जळणाऱ्या मेणबत्त्या. या पाद्र्याला चर्चच्या गळक्या छपराची चिंता नसते, कर्जाचे हप्ते नसतात, गुडघेदुखी नसते आणि आईही नसते. अशा कागदी पाद्र्यांच्या गर्दीत आम्हाला एक रक्तामांसाचा धर्मगुरू भेटला. त्यांचे नाव फादर फिट्झगिबन. १९४४ साली प्रदर्शित झालेल्या ‘गोइंग माय वे’ या अमेरिकन चित्रपटातले हे पात्र. ते साकारणाऱ्या आयरिश नटाला मात्र आपल्या वेदीची ओळख बाहेरूनच होती. तो प्रोटेस्टंट घरात जन्मला होता. बॅरी फिट्झजेराल्ड हे त्या नटाचे नाव.

नाव म्हणजे रंगभूमीवरचे नाव. पाळण्यातले नाव विल्यम जोसेफ शील्ड्स. जन्म १० मार्च १८८८, डब्लिन शहरात. घराणे चर्च ऑफ आयर्लंड या अँग्लिकन परंपरेतील. वडील कामगार चळवळीत वावरणारे, आई मूळची जर्मन. अशा घरातला हा मुलगा १९११ च्या सुमारास सरकारी कचेरीत कारकून म्हणून चिकटला. दिवसा फायली आणि रात्री नाटक असा त्याचा क्रम सुरू झाला. कचेरी आणि रंगमंच ही दोन घरे वेगळी राहावीत म्हणून त्याने दुसरे नाव धारण केले. जवळजवळ अठरा वर्षे या माणसाने असा दुहेरी संसार केला. नोकरी सोडून पूर्णवेळ नट होण्याचे धाडस त्याने १९२९ साली केले, तेव्हा त्याचे वय एक्केचाळीस होते. ज्या वयात सामान्य कारकून निवृत्तिवेतनाचा हिशेब मांडू लागतो, त्या वयात त्याने हमीचा पगार सोडला.

ज्या रंगमंचावर हा नट घडला ते डब्लिनचे ॲबी थिएटर. १९०४ साली कवी यीट्स, लेडी ग्रेगरी आदींच्या प्रयत्नांतून ते उभे राहिले. इंग्रजी रंगभूमीने आयरिश माणसाचे एक सोंग रूढ केले होते : दारुडा, बडबड्या, भोळसट विदूषक. ते सोंग पुसून आपल्या लोकांचे खरे दर्शन घडवावे, ही त्या चळवळीमागची तळमळ होती. या रंगमंचावर १९२४ साली शॉन ओ’केसी यांचे ‘ज्युनो अँड द पेकॉक’ हे नाटक आले. त्यातला कॅप्टन बॉइल हा कामचुकार, बढाईखोर, दारूच्या गुत्त्याकडे ओढ घेणारा गृहस्थ. कामाचे नाव काढले की याचे पाय दुखू लागतात. ही भूमिका बॅरी फिट्झजेराल्ड यांनी केली. नाटकभर प्रेक्षक त्याला हसतात आणि शेवटी त्याचे घर उद्ध्वस्त होते. मुलगा मारला जातो, बायको मुलीला घेऊन निघून जाते, आणि तो झोकांड्या खात एका रिकाम्या खोलीत परततो. आपण कोणाला हसत होतो हे त्या रिकाम्या खोलीपाशी प्रेक्षकाला कळते. हसवता हसवता काळजाला हात घालण्याचे हे शिक्षण पुढे त्यांना फार कामी आले.

दोन वर्षांनी, १९२६ च्या फेब्रुवारीत, ओ’केसी यांचेच ‘द प्लाउ अँड द स्टार्स’ रंगमंचावर आले. १९१६ च्या ईस्टर उठावाची ती कहाणी. हुतात्म्यांचा अवमान झाला असे वाटून काही प्रेक्षकांनी नाट्यगृहात दंगल माजविली आणि यीट्स यांना स्वतः रंगमंचावर येऊन त्यांना खडे बोल सुनवावे लागले. त्या नाटकात फ्लूथर गुड हा सुतार बॅरी यांनी रंगविला. याच ठिकाणी त्यांच्या धाकट्या भावाची, आर्थर शील्ड्स यांची आठवण काढायला हवी. तेही ॲबीचेच नट. थोरला भाऊ कचेरीत फायली हाताळत असताना या धाकट्याने वयाच्या विसाव्या वर्षी बंदूक हाती घेऊन ईस्टर उठावात भाग घेतला होता. उठाव फसल्यावर त्यांची रवानगी वेल्समधील फ्राँगॉकच्या छावणीत झाली. आयर्लंडचा लढा म्हणजे केवळ कॅथलिकांचा लढा, असे ढोबळ समीकरण मांडणाऱ्यांनी या प्रोटेस्टंट घरातल्या मुलाची गोष्ट ध्यानात ठेवावी.

चित्रपटसृष्टीने मात्र या थोरल्या भावाला प्रारंभी फारसे जवळ केले नाही. आल्फ्रेड हिचकॉक यांनी १९३० साली ‘ज्युनो अँड द पेकॉक’चा बोलपट काढला. ज्या कॅप्टन बॉइलने बॅरी यांना डब्लिनमध्ये घरोघरी पोहोचविले, ती भूमिका बोलपटात दुसऱ्याच नटाकडे गेली आणि त्यांच्या वाट्याला एका वक्त्याचे छोटेसे काम आले. त्यांनी ते केले. पुढे १९३६ साली दिग्दर्शक जॉन फोर्ड यांनी ‘द प्लाउ अँड द स्टार्स’ पडद्यावर आणण्यासाठी ॲबीच्या नटांना हॉलिवूडला बोलाविले. त्यांत हे दोघे भाऊ होते. धाकट्याने त्या चित्रपटात उठावाचे नेते पॅट्रिक पीअर्स यांची भूमिका केली. वीस वर्षांपूर्वी तो त्याच उठावातला एक सैनिक होता. थोरला तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांचा होता. ठेंगणी मूर्ती, जाड भुवया, पुढे आलेली हनुवटी, खरखरीत आवाज. नायकाला लागणारे काहीच अंगी नाही. मग ‘ब्रिंगिंग अप बेबी’मध्ये माळी, ‘द लाँग व्हॉयेज होम’मध्ये जहाजावरचा माणूस, ‘हाउ ग्रीन वॉज माय व्हॅली’मध्ये मुष्टियोद्ध्याचा सोबती, अशी कामे येत गेली. चित्रपटाच्या परिभाषेत याला सहायक भूमिका म्हणतात. नायक येतो, गातो, प्रेम करतो. सहायक नट दार उघडतो, निरोप देतो आणि बाजूला होतो.

अशा नटाकडे दिग्दर्शक लिओ मॅकेरी यांनी फादर फिट्झगिबन सोपविले. कथा न्यूयॉर्कमधल्या संत डॉमिनिकच्या धर्मग्रामात घडते. तिथे फादर फिट्झगिबन पंचेचाळीस वर्षे प्रमुख धर्मगुरू आहेत. चर्च कर्जात बुडाले आहे, माणसे विरळ झाली आहेत, वाडीतली पोरे उनाडक्या करीत फिरतात. बिशप एका तरुण धर्मगुरूला, फादर ओमॅली यांना, तिथे पाठवितात. प्रत्यक्षात कारभार हाती घेण्यासाठीच त्यांना पाठविलेले असते. परंतु म्हाताऱ्याचे मन दुखावू नये म्हणून ओमॅली आपण सहायक म्हणून आलो आहोत असेच भासू देतात. ही भूमिका लोकप्रिय गायक नट बिंग क्रॉस्बी यांनी केली.

तरुण फादर पोरांचे गायनवृंदात रूपांतर करतात. म्हाताऱ्या फादरांना त्यांचा खेळकरपणा, त्यांची गाणी, त्यांची टोपी, काहीच पटत नाही. अखेर ते बिशपांकडे जातात : या सहायकाची बदली करा. बिशपांसमोर बसल्यावर बोलण्या-बोलण्यातून त्यांना उमगते की सहायक तो नव्हे, आपण आहोत. ते परत येतात आणि शांतपणे ओमॅलींना सांगतात की आता कारभार तुमचा. त्यानंतर एका पावसाळी रात्री हा वृद्ध गाठोडे घेऊन घराबाहेर पडतो. शोधाशोध होते. एक पोलीस त्यांना चिंब भिजलेल्या अवस्थेत परत घेऊन येतो. मग गरम जेवण, ऊबदार अंथरूण आणि पुस्तकांच्या मागे दडविलेली, आईने आयर्लंडहून पाठविलेली व्हिस्कीची बाटली. म्हातारे फादर आईविषयी बोलू लागतात. पंचेचाळीस वर्षांत तिची भेट नाही. प्रवासाचे पैसे साठवावेत, तर दारात कोणी ना कोणी गरजवंत उभा राहायचा. तरुण फादर त्यांना आयरिश अंगाईगीत गाऊन निजवितात.

आम्ही हा चित्रपट प्रथम पाहिला तो सेमिनरीत, व्हिडिओ कॅसेटवर, एका रविवारी सायंकाळी. साठ-सत्तर तरुण एका दूरचित्रवाणी संचापुढे दाटीवाटीने बसलो होतो. आम्हा सगळ्यांना ओमॅली व्हायचे होते. गिटार, गायनवृंद, युवकांचे मेळावे, हे आमचे भावी आयुष्य. फिट्झगिबन चिडले की आम्ही खदखदून हसत होतो. त्या वयात म्हातारा धर्मगुरू हा आम्हाला विनोदाचा विषय वाटत होता. कॅप्टन बॉइलला हसणाऱ्या डब्लिनच्या प्रेक्षकांहून आम्ही फारसे वेगळे नव्हतो.

आता आम्ही पन्नाशी ओलांडली आहे. आमच्या धर्मग्रामात एक तरुण सहायक धर्मगुरू आहेत. त्यांचे प्रवचन दहा मिनिटांत संपते आणि आठवडाभर लक्षात राहते, असे लोक सांगतात. सायंकाळी पोरे त्यांच्याभोवती गोळा होतात. आमच्या दाराशी येतात ती माणसे अंत्यविधीची वेळ ठरविणारी, दाखला मागणारी, विहिरीच्या किंवा बांधाच्या तंट्यात मध्यस्थी मागणारी. एका रविवारी पहाटेच्या मिस्सानंतर एका आजीबाईंनी आमचा हात हातात घेऊन मोठ्या मायेने विचारले, “फादर, आज धाकटे फादर नाहीत का?” आम्ही हसून म्हणालो, “आहेत, साडेआठच्या मिस्साला.” आजीबाई सुखावल्या आणि गेल्या. त्यांच्या मनात काहीच वावगे नव्हते. पण पुष्पगुच्छाने भरलेल्या वेदीकडे पाहत आम्ही काही वेळ तसेच उभे राहिलो.

अलीकडे तो चित्रपट पुन्हा पाहिला, तेव्हा एक गोष्ट प्रथमच ध्यानात आली. चित्रपट निर्माण झाला त्या वेळी बॅरी फिट्झजेराल्ड अवघे पंचावन्न वर्षांचे होते. म्हणजे आमच्याच वयाचे! त्यांनी तो पांढऱ्या केसांचा, पाय ओढत चालणारा, खुर्चीत बसता बसता डुलकी घेणारा वृद्ध अंगात उतरविला होता. ज्या म्हातारपणाची आम्हाला धास्ती वाटते, ते त्यांनी आपण होऊन, कामाचा भाग म्हणून, अंगावर घेतले. आणि ते घेताना कीव मागितली नाही. फादर फिट्झगिबन हट्टी आहेत, रुसतात, थोडे आत्मप्रौढही आहेत. नटाने यातले काहीही झाकले नाही. म्हणूनच बिशपांकडून परतल्यानंतरचा त्यांचा शांतपणा एवढा खोल जातो.

त्या वर्षीच्या ऑस्कर पारितोषिकांच्या वेळी एक विलक्षण गोष्ट घडली. या एकाच भूमिकेसाठी बॅरी यांचे नाव सर्वोत्कृष्ट अभिनेता आणि सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेता, अशा दोन्ही गटांत सुचविले गेले. एकच माणूस, एकच काम. काही मतदारांना तो नायक वाटला, काहींना सहायक. असे पूर्वी घडले नव्हते आणि पुढेही घडू नये म्हणून अकादमीने नियमच बदलला. १५ मार्च १९४५ च्या समारंभात मुख्य अभिनेत्याचे पारितोषिक बिंग क्रॉस्बींना मिळाले आणि सहायक अभिनेत्याचे बॅरींना. ‘गोइंग माय वे’ला एकूण सात ऑस्कर लाभली, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचाही मान त्यालाच मिळाला. युद्धकाळात धातूची टंचाई असल्यामुळे त्या बाहुल्या प्लॅस्टरच्या बनविल्या जात. बॅरींना गोल्फचा नाद. घरात काठी फिरविण्याचा सराव करताना त्यांच्या हातून त्या बाहुलीचे डोकेच उडाले! कीर्तीची मूर्ती किती ठिसूळ असते, यावर आम्हाला यापेक्षा चांगला दृष्टांत प्रवचनासाठी सापडलेला नाही.

वाचकहो, मतदारांचा तो गोंधळ आम्हाला फार अर्थपूर्ण वाटतो. संत डॉमिनिकच्या धर्मग्रामात मुख्य कोण आणि सहायक कोण? अधिकारपत्र ओमॅलींच्या खिशात होते, पण खुर्ची त्यांनी फिट्झगिबनना दिली. फिट्झगिबननी सत्य कळताच खुर्ची सोडली, पण ज्या घरांत त्यांनी पंचेचाळीस वर्षे बाप्तिस्मे दिले आणि डोळे मिटविले, त्या घरांतले त्यांचे स्थान कोणत्या पत्राने काढून घेता आले असते? यार्देनच्या काठी गर्दी आपल्याला सोडून दुसऱ्याकडे निघाली हे पाहून बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने आनंद मानला, हे आम्ही वर्षानुवर्षे वेदीवरून सांगतो. सांगणे सोपे आहे. मागे सरणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर त्या क्षणी काय उमटते, हे मात्र आम्हाला एका नटाने दाखविले.

चित्रपटात पुढे चर्च आगीत भस्मसात होते. म्हातारे फादर खचतात. नाताळच्या पूर्वसंध्येला तात्पुरत्या चर्चमध्ये मंडळी जमतात आणि दारातून एक जख्ख म्हातारी आत येते. ओमॅलींनी आयर्लंडहून तिला आणविलेली असते. आई आणि मुलगा एकमेकांना बिलगतात. या प्रसंगाला शब्दांची फारशी गरज पडत नाही. तिकडे मिठी सुटलेली नसतानाच ओमॅली आपली पिशवी उचलून काळोखात पुढच्या धर्मग्रामाकडे चालू लागतात. तरुण नायक निघून जातो, वृद्ध सहायक आईच्या कुशीत राहतो.

पुढे बॅरींना नायकाचीही कामे मिळाली. १९४८ च्या ‘द नेकेड सिटी’मध्ये न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर गुन्ह्याचा माग काढणारे पोलीस अधिकारी मल्डून ते झाले. पण लोकांच्या ध्यानात अधिक राहिले ते १९५२ च्या जॉन फोर्ड यांच्या ‘द क्वाएट मॅन’मधले लग्न जुळविणारे मायकेलीन फ्लिन. आयर्लंडच्या मेयो परगण्यातल्या काँग गावी हा चित्रपट चित्रित झाला. ज्या विदूषकी सोंगाविरुद्ध ॲबी थिएटर उभे राहिले, तेच सोंग तिथल्या नटाने हॉलिवूडला विकले, अशी टीका बॅरींच्या अशा भूमिकांवर झाली आहे. ती अगदीच निराधार नाही. घोडागाडी हाकणारा, घसा ओला करण्यासाठी आतुर असा हा मायकेलीन पाहताना ॲबीच्या संस्थापकांना काय वाटले असते, असा प्रश्न पडतोच. परंतु त्याच चित्रपटातला एक प्रसंग आमचे मन जिंकतो. गावातल्या प्रोटेस्टंट पाळकांचा कळप इतका लहान की त्यांची बदली होण्याची भीती असते. त्यांचे बिशप गावात येतात, तेव्हा कॅथलिक धर्मगुरू आपली कॉलर झाकतात आणि आपल्या मंडळींना सांगतात की पाळकांसाठी प्रोटेस्टंटांसारखा जयघोष करा. त्या पाळकांची भूमिका केली होती धाकट्या भावाने, आर्थर शील्ड्स यांनी. द्वितीय व्हॅटिकन महासभा तेव्हा दहा वर्षे दूर होती. तिथे जे कागदावर यायचे होते, त्याची एक हसरी झलक काँगच्या त्या रस्त्यावर दिसून गेली होती.

बॅरींनी लग्न केले नाही. आयुष्याच्या अखेरीस ते डब्लिनला परतले. १९५९ च्या ‘ब्रॉथ ऑफ अ बॉय’मध्ये त्यांनी जगातल्या सर्वांत वयस्कर माणसाचे सोंग वठविले, तेव्हा ते सत्तरीत होते. पुन्हा एकदा आपल्या वयाहून कितीतरी मोठे म्हातारपण! ४ जानेवारी १९६१ रोजी त्यांचे निधन झाले. डब्लिनच्या डीन्सग्रेंज दफनभूमीत ते विसावले आहेत. १९७० साली आर्थर यांनाही त्याच भूमीत जागा मिळाली.

आमच्या बदलीचे पत्र यायचे तेव्हा येईल. नव्या गावी आम्हाला कोणते आसन मिळेल, याची चौकशी करण्याचा मोह होईल, आणि तो आवरताना त्या ठेंगण्या नटाची आम्हाला मदतच होईल. त्याला वक्त्याचे चार वाक्यांचे काम दिले तेव्हा त्याने ती चार वाक्ये नीट म्हटली. नायकपद दिले तेव्हा तेही सांभाळले. नोव्हेंबर महिन्यात मृतांसाठी मिस्सा अर्पण करताना आपल्या मंडळींनी दिलेली नावांची लांबलचक यादी आम्ही वाचतो. ती संपली की क्षणभर थांबून आणखी एक नाव मनातल्या मनात उच्चारतो. बॅरी फिट्झजेराल्ड हे नाव साऱ्या जगाने घेतले आहे. आम्ही घेतो ते डब्लिनच्या कचेरीतल्या त्या कारकुनाचे : विल्यम जोसेफ शील्ड्स.